टप लागेना: २००५ सालच्या गाडीच्या नोंदी

४ जून २०२३, रविवार

दुपारी तीनच्या सुमाराला यावलकडून गाडी आली. युरोपातली, दोन दारांची, दोनच सीटची, कापडी टपाची. टप सताड उघडा. चालवणाऱ्या पोराच्या डोक्याला ओला गमछा. डिकीत केळीच्या ट्रकवर टाकतात तसली ताडपत्री, वाटेत आभाळ आलंच तर असावी म्हणून. मृग चार दिवसांवर आलाय.

हकिगत अशी. घरात लग्न होतं. वरातीसाठी गाडी सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरने धुऊन आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबून टप उघडला. उघडताना आवाज घरघरता होता आणि नेहमीपेक्षा वेळही जास्त लागला, पण उघडला. रात्री वरात आटोपल्यावर लावायला गेले तर नुसतं 'टिक'. तेव्हापासून गाडी उघडीच आहे.

"काका, नवा पंप टाकायचा का?" पोराने आल्या आल्या विचारलं. पुण्याहून त्याने भावही काढून ठेवला होता. मी म्हटलं, आधी काय बिघडलंय ते तर कळू दे.

बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, पण माझं गिऱ्हाईक म्हणजे ट्रॅक्टर, पिकअप आणि रिक्षा. बटणावर चालणाऱ्या टपाची गाडी ही दुसरीच. पहिलीच्या वेळी काही लिहून ठेवलं नव्हतं आणि आज त्यातलं निम्मं आठवत नाही. म्हणून या वेळी रोज रात्री वहीत लिहायचं ठरवलंय.

आज फक्त वरवरचं पाहिलं. चावी ऑन, गाडी उभी, डिकीचं झाकण नीट लागलेलं. ताडपत्री टपाच्या खणाला दाबत होती, ती बाहेर काढली. तरी टिकच. बॅटरीला मीटर लावला तर ११.९ व्होल्ट. दोन दिवस बटण दाबून दाबून उतरलेली. इतक्या व्होल्टवर अशा काही गाड्यांचा कंट्रोल बॉक्स टपाला हात लावू देत नाही, आणि दिला तरी त्या मापावरून काढलेला निष्कर्ष खरा मानता येत नाही. बॅटरी काढून चार्जरवर लावली.

५ जून, सोमवार

बॅटरी १२.६. इंजिन चालू केल्यावर १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठीक. टप लागेना.

आधी यंत्रणा कशी चालते ते लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. बटण दाबलं की काचा जराशा खाली येतात. मग मागच्या कोपऱ्यातला तेलाचा पंप फिरतो. मोटार सुलटी फिरली की तेल दोन्ही सिलेंडरांच्या एका अंगाला जातं आणि टप दुमडून खणात बसतो. उलटी फिरली की दुसऱ्या अंगाला जातं आणि टप उठतो. शेवटी काचेच्या चौकटीवरचं कुलूप टपाला ओढून घेतं. प्रत्येक टप्प्यावर एकेक सेन्सर 'झालं' म्हणून कळवतो. एकाचंही उत्तर आलं नाही तर कंट्रोल बॉक्स आहे तिथेच थांबतो.

माझ्याकडचा स्कॅनर लावून पाहिला. तो इंजिनाचंच बोलतो, टपाच्या बॉक्सला ओळखतच नाही. मग बटणावर संशय घेतला. कन्सोल खोललं, बटण काढलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, कंटिन्युटी, म्हणजे करंटची वाट अखंड आहे का, ते पाहिलं. बटण चोख. यात दुपारचा एक वाजला. हा वेळ फुकट गेला आणि तो वाचवता आला असता. 'टिक' आवाज रिलेचा, म्हणजे बॉक्सच्या हुकमावर मोटारीचा करंट जोडणाऱ्या स्विचचा आहे. रिले ओढला गेला याचा अर्थ बटणाने सांगितलं, बॉक्सने ऐकलं, बाकीच्या सगळ्या अटी पास झाल्या आणि हुकूमही सुटला. दोष हुकमाच्या पुढे आहे. टिक ऐकू आली त्याच क्षणी बटण, डिकीचा स्विच, बॅटरी या सगळ्यांवर फुली मारून पुढे जायला हवं होतं.

रिले दोन आहेत, एक सुलट्याला, एक उलट्याला. अदलाबदल करून पाहिले, दोघेही टिक करतात. ४० अँपिअरचा फ्यूज शाबूत. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर, पंपाच्या जाड वायरीवर लावून बटण दाबलं तर काटा शून्यावरच. मोटार जाम झालेली असती तर करंट भरमसाट ओढला असता आणि फ्यूज उडाला असता. शून्य म्हणजे वाट कुठेतरी तुटलीय, एक तर वायरीत, नाही तर मोटारीच्या पोटात.

संध्याकाळी पाचला पश्चिमेकडून धुळीचं वादळ उठलं. गॅरेजच्या पत्र्याखाली गाडी अर्धीच मावते. टप हाताने लावणं भाग होतं. हे नीट लिहितो, कारण इथेच लोक टप मोडून घेतात.

पंपावर दाब सोडायचा एक स्क्रू असतो. तो एलनकीने डावीकडे एकच फेरा सोडायचा, पूर्ण काढायचा नाही. तो सोडल्याशिवाय टप ओढला तर सिलेंडरात कोंडलेलं तेल विरोध करतं आणि फ्रेमचे सांधे वाकतात. स्क्रूपर्यंत जायला खणाच्या अस्तराची एक बाजू उचकटावी लागली. मग डावीकडून मी आणि उजवीकडून हाताखालचा पोरगा, असं दोघांनी एका तालात उचललं. एकट्याने एका बाजूने कधीच उचलायचं नाही. फ्रेम तिरकी झाली की पुन्हा सरळ होत नाही. मधल्या टप्प्यावर कापड ताणलं जातं, तिथे घाई न करता दोन क्षण थांबायचं. पुढे आल्यावर काचेवरचं कुलूप आतून एलनकीने फिरवून आवळलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. पाऊस चार थेंबच पडला, पण धूळ इतकी की समोरचं दुकान दिसेना.

रात्री पोराचा फोन आला, "काका, लागला का?" म्हटलं, हाताने लावलाय. बटणाने लागेल तेव्हा मीच फोन करीन.

६ जून, मंगळवार

आज खरं कळलं.

टपाच्या खणातलं अस्तर पूर्ण काढलं. उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, स्पंजच्या कोशात पंप ठेवलेला आहे. आवाज कमी यावा म्हणून कंपनीने तो तिथे दडवलाय. कोशाला हात लावला तर बोटांमधून पाणी आलं. कोश पिळला, मग कोपऱ्यातलं साचलेलं पाणी मोठ्या सिरिंजने ओढून बाटलीत घेतलं. पाऊण लिटर. चहासारखं तांबूस, वर कडुनिंबाची पानं तरंगत असलेलं.

हे पाणी एका दिवसातलं नाही. कोपऱ्याच्या पत्र्यावर पाण्याच्या उतरत्या रेषा होत्या, एकाखाली एक, विहिरीच्या भिंतीवर दिसतात तशा. गेल्या पावसाळ्यापासून थोडं थोडं साचत आणि सुकत आलंय. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरने शेवटचा घाव घातला, एवढंच.

पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला, पिनांवर हिरवट गंज चढलेला. कपलरमध्येच मीटर लावून हाताखालच्या पोराला बटण दाबायला सांगितलं, १२.३ व्होल्ट. उलट्या दिशेचं बटण दाबलं, उणे १२.३. म्हणजे वायरी, रिले, अर्थिंग सगळं इथवर बरोबर पोचतंय आणि पुढे मोटारच बंद आहे. खात्री करायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीच्या अंगावर हलकेच ठोकत बटण दाबलं. एकदा ती हुंकारली, अर्धा फेरा फिरली आणि पुन्हा गप्प. कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारा तुकडा, अडकल्याची ही जुनी खूण. ट्रॅक्टरच्या स्टार्टरवर शेकडो वेळा पाहिलीय.

दोन्ही तेलाच्या नळ्यांवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावून मगच नळ्या सोडल्या. अदलाबदल झाली तर टप उलटा चालतो. तोंडांना स्वच्छ बूच मारले. आत धुळीचा एक कणही जायला नको, आणि इथे तर हवाच धुळीची.

७ जून, बुधवार

मोटार घेऊन जुन्या गावातल्या वायंडिंगवाल्या आबांकडे गेलो. आपल्या भागात वायंडिंगवाला हुडकावा लागत नाही. केळी आणि बागायत बोअरवेलच्या मोटारींवर उभी असल्याने गावोगावी एक तरी दुकान आहे. आबा मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं सगळं अहिराणीत. आयुष्यभर पाण्यातल्या मोटारी भरत आलेले.

त्यांनी कव्हर उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "मोटार जयेल नही, बुडेल शे."

जळालेल्या वायंडिंगचा करपट वास असतो, तो नव्हता. आर्मेचरचं, म्हणजे मोटारीच्या फिरत्या गाभ्याचं, वार्निश सोनेरी होतं. दोन कार्बनांपैकी एक गंजाने आपल्या घरात घट्ट रुतलेला, त्यामागची स्प्रिंग खाल्लेली. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळा, मागचं बेअरिंग वाळू भरल्यासारखं. सिरीज लॅम्पने, म्हणजे वाटेत दिवा जोडून, आर्मेचर तपासलं, ना शॉर्ट ना बॉडीला लागलेलं. म्हणजे नव्या पंपाची गरज नाही. हे ऐकून मला किती बरं वाटलं!

आबांनी पुढे एकच गोष्ट सांगितली, "पानी कोठून उनं ते पह्यले देख. नही ते मी आज करसू, तू परत लयशी." म्हणजे, पाणी कुठून आलं ते आधी बघ, नाही तर मी आज करीन आणि तू परत घेऊन येशील.

आर्मेचर लेथवर धरून कम्युटेटर अगदी नावापुरता सोलला. मग करवतीच्या पात्याने तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक एकेक चीर करत खाली घेतला. हे काम बरेच जण टाळतात. पण अभ्रक वर राहिला की कार्बन उड्या मारतो आणि महिनाभरात ठिणग्यांनी संपतो. कार्बन मापाचे मिळणं शक्यच नव्हतं. आबांनी स्टार्टरचे मोठे कार्बन घेऊन काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून बसवले. त्यामागे विचार आहे. स्टार्टरच्या कार्बनात तांबं जास्त असतं, कमी व्होल्ट आणि जास्त करंटला तेच लागतं. मिक्सरचे काळे कार्बन आकाराने सहज बसले असते, पण तापले असते. बेअरिंग बाजारात मिळालं. ऑइल सीलही बदललं.

बाकावर थेट बॅटरी लावली. दोन्ही दिशांना गोड फिरली, रिकाम्या मोटारीला ८ अँपिअर.

८ जून, गुरुवार

आज मृग लागला. आभाळ कोरडं ठाक.

दिवसभर पाण्याची वाट शोधण्यात गेला. कापडी टपाची गाडी पाणी पूर्ण अडवतच नाही, ती पाण्याला वाट काढून देते. टपाच्या कडेने उतरलेलं पाणी खणाच्या कडेच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या रबरी नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर जातं. डाव्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं, ओतता ओतताच खाली धार लागली. उजव्या कोपऱ्यात ओतलं ते तसंच उभं राहिलं.

हाताखालचा पोरगा लगेच कॉम्प्रेसरची हवा मारायला निघाला. त्याला थांबवलं. वरून जोरात हवा मारली तर गाळ आणखी खाली ठासतो, किंवा नळी आतल्या नळकांड्यावरून निसटते. मग पाणी थेट पत्र्याच्या पोटात जातं आणि कळतही नाही. तारही नको, रबर फाटतं. मग गॅरेजमागच्या शेतातून ठिबकची मायक्रोट्यूब आणली, ६ मिलिमीटरची. तिचं टोक लायटरने जरासं गोल केलं आणि खालच्या बाजूने हलके फिरवत वर सरकवली. वाकते, पण दमत नाही, आणि रबराला ओरखडाही काढत नाही. यासाठी याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही.

वीसेक मिनिटांनी गाळाचा एक बोळा सुटून हातावर पडला. कडुनिंबाची पानं, मोहराचा चुरा आणि काळी माती, असं एकत्र होऊन चिखलासारखं घट्ट झालेलं. गाडीवाल्या पोराला फोन करून विचारलं, गाडी कुठे लावता? म्हणाला, "घरासमोर निंबाखाली. सावली तिथेच आहे, काका." बरोबरच आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कुणीही गाडी निंबाखालीच लावणार. कापडी टपाला तर उन्हापासून जपणं आवश्यकच. पण निंबाचं पान बारीक आणि वाकडं असतं, नळीच्या तोंडात मावतं आणि आत जाऊन आडवं बसतं.

धुऊन झाल्यावर उजव्या बाजूला एक लिटर पाणी ओतलं. मोजून पंधरा सेकंदांत खाली. तीनदा ओतलं, तीनदा तेवढंच.

पंपाची जागा बदलून तो डिकीत वर घ्यावा का, याचा बराच विचार केला. तसं करणारे लोक आहेत आणि त्यांची भीती खरी आहे. पण त्यासाठी तेलाच्या नळ्या आणि वायरी दोन्ही लांबवाव्या लागतात. चांगल्या चाललेल्या नळ्यांना जोड द्यायला माझं मन होईना. पंप मूळ जागीच ठेवायचा, फक्त खाली रबराचे दोन ठोकळे देऊन तळापासून बोटभर उचलायचा आणि नव्या स्पंजच्या कोशाला तळाशी भोकं ठेवायची. नाना, म्हणजे गाडीवाल्या पोराचे वडील, यांना फोनवर दोन्ही पर्याय सांगितले. ते म्हणाले, "तुमच्या गाडीला जे केलं असतं ते करा."

१० जून, शनिवार

काल पंप बसवला. तेलाची टाकी खालच्या खुणेच्याही खाली होती, नळ्या सोडताना थोडं सांडलंच होतं. हाताखालचा पोरगा तत्परतेने ब्रेक ऑइलची बाटली घेऊन आला आणि झाकण उघडूनही बसला. मी अक्षरशः त्याचा हात धरला. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, या पंपाच्या आणि सिलेंडरांच्या सील खनिज तेलासाठी बनवलेल्या असतात. ब्रेक ऑइल गेलं तर त्या फुगतात, मऊ पडतात आणि सगळीकडून गळायला लागतात. मग दोन्ही सिलेंडर, नळ्या, पंप, सगळंच बदलावं लागतं. त्याला ओरडलो नाही. जुन्या सीलचे दोन तुकडे घेऊन एक ब्रेक ऑइलात आणि एक खनिज तेलात टाकून ठेवायला सांगितला. आठवड्याने तो स्वतःच पाहील.

गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचं हिरवं तेल आज कुरिअरने आलं. पुस्तकात म्हटलं आहे त्या स्थितीत टप ठेवून खुणेपर्यंत भरलं. दाबाचा स्क्रू आवळला.

११ जून, रविवार

इंजिन चालू, बटण दाबलं. पंप एकसुरी गुणगुणला, घरघर कुठेच नाही. टप उघडला, खणात बसला. क्लॅम्पवर १८ अँपिअर. मग लावायचं बटण. टप उठला, पुढे आला, पाऊण वाटेवर आला आणि थांबला. बीप, बीप, बीप.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही पाऊण वाटेवरच. त्याच जागी थांबतोय म्हणजे दाब कमी नाही, कारण दाब कमी असता तर जागा बदलत राहिली असती. पंप थांबतो तोही एकदम, दमून नाही. हे बॉक्सने थांबवलंय. 'फ्रेम उभी झाली' हा निरोप त्याला मिळत नाहीये.

जेवायलाही गेलो नाही. घरून शेवभाजीचा डबा आला तो संध्याकाळी उघडला.

१३ जून, मंगळवार

दोन दिवस एका वायरीच्या मागे.

फ्रेमच्या मुख्य सांध्यावर सेन्सर आहे, तीन वायरींचा. एकीवर पाच व्होल्ट येतात, एक अर्थ, एक निरोपाची. सेन्सरपाशी पाच व्होल्ट येतात आणि सांधा हाताने हलवला की निरोपाची वायर सेन्सरच्या बाजूला बदलते. म्हणजे सेन्सर बोलतोय. बॉक्सच्या बाजूला मात्र शांतता. दोन्ही टोकांना मीटर लावून कंटिन्युटी पाहिली तर बीप आली! काल रात्री इथेच गोंधळून घरी गेलो.

आज सकाळी सुचलं. टप खाली असताना कंटिन्युटी आहे, पण बिघाड टप वर असताना होतो. मीटर तसाच लावून दाबाचा स्क्रू सोडला आणि दोघांनी टप हाताने सावकाश उचलला. पाऊण वाटेवर बीप बंद. थोडा खाली घेतला, बीप चालू. सीटच्या मागे जिथे वायरींचा जुडगा फ्रेमबरोबर वाकतो, तिथे बोटाने दाबत गेलो आणि एका जागी वायर नरम लागली. वरचं आवरण अख्खं, आतलं तांबं तुटलेलं. वर्षानुवर्षं उन्हाने आवरण कडक झालं, आणि कडक वायर एकाच जागी वाकत राहिली की तांबं तिथेच थकतं.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सिलिकॉनच्या आवरणाची मऊ, बारीक तारांची वायर आणली. तुटलेला भाग दोन्हीकडे वीतभर लांबीने कापून टाकला, म्हणजे जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर आले. जोड वाकणीवर घेतला तर कथील वायरीत शोषलं जातं, ती काडीसारखी होते आणि पुन्हा तिथेच तुटते. हिट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवली. जुडग्याला थोडी सैल वेटोळी दिली. शेजारच्या चार वायरीही वाकवून पाहिल्या, त्यातली एक संशयास्पद वाटली, तीही बदलली.

दुपारी सव्वादोनला टप पूर्ण लागला. काचेच्या चौकटीवर कुलूप बसल्याचा आवाज आला आणि काचा वर सरकल्या. हाताखालच्या पोरग्याने शिट्टी वाजवली. मी लगेच फोन केला नाही, आधी आणखी नऊ वेळा उघडून लावायचा होता.

१४ जून, बुधवार

दहा वेळा झालं. मधे मधे पंपाला पाच-सात मिनिटं विश्रांती, सलग चालवला तर मोटार तापून स्वतःच बंद पडते आणि माणूस उगाच घाबरतो. टप लागायला दर वेळी बारा-तेरा सेकंद. तेलाची पातळी खुणेवर स्थिर, सांध्यांना ओल नाही. शेवटी पाइपने संथ पाणी सोडून दहा मिनिटं टप भिजवला. कोपऱ्यात हात घालून पाहिला, पंपाचा कोश कोरडा. दोन्ही चाकांपुढे दोन धारा.

संध्याकाळी नाना आणि त्यांचा पोरगा येऊन गाडी घेऊन गेले. खर्च नव्या पंपाच्या भावाच्या दहाव्या हिश्श्यातही बसला, त्यात सर्वांत मोठी रक्कम माझ्या मजुरीचीच होती. बिलाबरोबर हातभर मायक्रोट्यूब दिली आणि पोराकडून दोनदा वळवून घेतली. निंबाखाली लावायची तर दर महिन्याला, पावसाळ्यात दर पंधरवड्याला, दोन्ही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओतून खाली धार पाहायची. प्रेशरचं पाणी टपाच्या कडेला नको.

१७ जून, शनिवार

हाताखालचा पोरगा सीलचे दोन तुकडे घेऊन आला. ब्रेक ऑइलातला बोटाने चिमटला तर पसरला. खनिज तेलातला होता तसाच. काही बोलला नाही, ब्रेक ऑइलच्या बाटल्या उचलून वरच्या फळीवर वेगळ्या ठेवल्या.

२६ जून, सोमवार

मृग अख्खा कोरडा गेला होता. काल रात्री शेवटी पाऊस आला, चांगला दोन तास. सकाळी सातला नानांच्या पोराने व्हिडिओ पाठवला. निंबाखाली गाडी, टप लागलेला, आणि कॅमेरा खाली नेत नेत उजव्या मागच्या चाकापुढे थांबलेला. तिथून पाण्याची बारीक धार पडतेय, त्यात एक निंबाचं पान.

दुपारी आबांकडे एका सबमर्सिबलच्या कामाने जायचं होतं. त्यांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा पाहिला.

"वाही राह्यनं," म्हणाले, आणि पुन्हा वायंडिंगला लागले.